ओळखीशिवाय प्रवेश नाही

हा नियम माझा होता, हे आधीच सांगून टाकते. मंडळातल्या बाकीच्या बायका भोळ्या आहेत. दारात कुणी देवाचं नाव घेऊन उभं राहिलं की त्या चौकशी न करता पान वाढतात. मी शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवला, आणि शाळेत राहून माणसाचा स्वभाव संशयी होतो. त्यामुळे परदेशातल्या मुलींसाठी वर्ग सुरू करायचं ठरलं तेव्हा मीच वही आखली आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'कुणाच्या ओळखीने'. मंडळातल्या कुणीतरी हमी घेतल्याशिवाय एकाही मुलीला आत घ्यायचं नाही. उगाच कुणीही लिंक मिळवून घुसायला नको. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला माझ्याच शहाणपणाचं फार कौतुक वाटलं.

आमचं उपासना मंडळ पुंडलिकनगरातलं. देवळामागे पत्र्याचा हॉल आहे, तिथे रोज संध्याकाळी जप आणि गुरुवारी आरती. पंचवीसेक बायका, बहुतेक साठीच्या आसपासच्या. नुसतं टाळ कुटत बसणारं मंडळ नाही हं आमचं. उस्मानपुऱ्यात आम्ही बायकांसाठी शिवणवर्ग चालवला होता, आणि त्यातल्या दोघी-तिघी आज स्वतःचं दुकान चालवतात. देवाचं नाव घ्यायचं आणि हाताला काम द्यायचं, ही आमची रीत. परदेशाचं खूळ नंतर आलं.

आलं ते असं. मंडळातल्या जवळजवळ प्रत्येकीचं एक तरी लेकरू बाहेर आहे. आरती झाली की फोन निघायचे, बर्फाचे फोटो फिरायचे. एकदा एका मैत्रिणीच्या जर्मनीतल्या लेकीचा फोन आला असताना मी शेजारीच होते. ती पोरगी म्हणाली, "आई, तीन दिवस झाले, मी कुणाशी बोललेच नाही. मराठीत नाही, कुठल्याच भाषेत नाही." नवरा सकाळी कामाला जातो, ही शिकलेली मुलगी दिवसभर खिडकीशी. मग आम्ही चौकशी करायला लागलो तर अशा किती निघाल्या! कुणी इंजिनियर, कुणी फार्मसी केलेली, कुणी एम. ए., आणि सगळ्या घरात बसून. शिवाय दोघी शिकायला गेलेल्या पोरी, वरणभात करता येत नाही म्हणून ब्रेड खाऊन राहणाऱ्या. मी म्हटलं, उस्मानपुऱ्यात जमलं तर जर्मनीत का जमू नये?

रविवारी दुपारी चारला वर्ग. हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला, त्याला लॅपटॉप जोडायला मी शिकले. आधी अर्धा तास प्रार्थना आणि आरती, मग तासभर काम. अर्ज कसा लिहायचा, डॉक्टरशी कसं बोलायचं, एकटीने बँकेत कसं जायचं. आरतीच्या वेळी सगळ्या मुलींचा आवाज मला बंद करावा लागे. त्यांचा सूर मागून यायचा आणि आमच्या टाळ्यांची फेफे उडायची. त्यामुळे पडद्यावर चौदा चेहरे नुसते ओठ हलवत असायचे आणि हॉलमध्ये आमच्याच बायकांचा आवाज दणाणत असायचा. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती मुलगी वर्गात आली ती आमच्याच एका ताईंची सून म्हणून. या ताई मंडळात आरतीचं ताट लावतात. फुलवाती त्यांच्या, नैवेद्याचा शिरा त्यांचा, पहिल्या रांगेतली खुर्चीही त्यांचीच. बाई सज्जन आहेत, हे मी आजही म्हणेन. मी तापाने पडले होते तेव्हा आठवडाभर त्यांच्याकडून डबा आला होता. सून सिल्लोडकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. इथे शहरात कॉम्प्युटर इंजिनियर झाली, दोन वर्षं नोकरी केली, मग लग्न होऊन जर्मनीला गेली.

पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांना हसवलं. मी विचारलं, तिकडे काय आवडलं? ती म्हणाली, "बाई, इथं लई शांतता हाय. आमच्या गावात एवढी शांतता फक्त मयताच्या दिवशी असती." हॉलमध्ये हशा पिकला. ताई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "अशीच आहे ती, तोंडाळ." त्यात कौतुकच होतं. पोरगी इंग्रजीत पटकन बोले, बाकीच्या मुलींना समजावून सांगे, अर्ज दुरुस्त करून देई. ही सगळ्यांच्या आधी उभी राहणार, असं मी वहीच्या कडेला लिहून ठेवलं होतं.

वर्गात आमची एक प्रथा होती. मीच पाडली होती. प्रत्येक मुलीने त्या आठवड्यात स्वतःच्या हिमतीवर केलेली एक गोष्ट सांगायची. मग हॉलमधल्या बायकांनी देवाचा जयजयकार करून तीनदा टाळ्या वाजवायच्या. मुलींना हुरूप येतो, बायकांनाही आपण काहीतरी करतोय असं वाटतं. मी ती गोष्ट तारखेसह वहीत लिहायची.

दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी तिने सांगितलं, "मी ट्रामनं एकटी गेले, बाई. वाचनालय शोधलं. तिथं मंगळवारी जर्मन भाषेचा वर्ग असतो, नाव नोंदवून आले. भाषा आली की इथं मला नोकरी करता येईल. चार महिन्यांनी परीक्षा."

टाळ्यांनी पत्रा हादरला. मी तर उठून उभी राहिले. ताईसुद्धा वाजवत होत्या, मी बघितलं. पण शेजारणीला म्हणत होत्या, "ट्रामनं म्हंजे एकटीच? बाई बाई."

पुढच्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "कसा झाला वर्ग?"

"नाही गेले, बाई. जरा थंडी होती."

"मग या मंगळवारी जा."

"हो."

त्या आठवड्याची तिची हिमतीची गोष्ट होती, खालच्या दुकानातून एकटीने दूध आणलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात, बाल्कनीत कुंडी लावली. मग कारळाची चटणी केली. मग घरातले पडदे धुतले. मी त्या प्रत्येक गोष्टीला टाळ्या वाजवायला लावल्या. पडदे धुतले म्हणून! ट्रामपासून पडद्यांपर्यंत पोरगी आठवड्याआठवड्याने आत आत चालली होती आणि मी ते तारखेसह लिहून घेत होते. शाळेत एखाद्याचे गुण असे घसरले असते तर मी पालकांना बोलावलं असतं. आणि खरं तर पालक समोरच बसले होते, पहिल्या रांगेत.

मग तिने कॅमेरा बंद ठेवायला सुरुवात केली. चौकटीत नुसतं नावाचं पहिलं अक्षर. ताई म्हणाल्या, तिला तिकडची हवा मानवत नाही, चेहरा सुजलाय, म्हणून लाजते. मी मान हलवली.

त्याच सुमाराला एका सकाळी तिचा मला मेसेज आला. फक्त मला, ग्रुपवर नाही. "बाई, एक विचारू का? हॉलमधल्या सगळ्या काकूंशिवाय, फक्त आम्हा मुलींचा वर्ग घेता येईल का? अर्धा तास चालेल. प्रार्थना पण करू."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? वाटलं, एवढ्या बायका दुपारची झोप मोडून तुमच्यासाठी येतात, टाळ्या वाजवतात, आणि त्यांनाच बाहेर काढायचं? शिकलेल्या मुलींना हल्ली सगळं खासगी लागतं. मंडळात आडपडदा नाही, जे बोलायचं ते देवासमोर आणि चारचौघींत, हे मी किती वर्षं सांगत आले होते. मी तिला उत्तर लिहिलं नाही. गुरुवारच्या आरतीनंतर मी ती सूचना हॉलमध्ये मांडली. कुणीतरी विचारलं, "कुणाची सूचना?" आणि मी सांगितलं. ताईंकडे बघूनच सांगितलं, "तुमच्या सूनबाईंची."

बायका हसल्या. एक म्हणाली, "सुनांना सासवा नकोत, यात नवीन काय?" ताईही हसल्या. त्यांचं हसणं जरा उशिरा आलं. मग प्रसाद वाटला आणि आम्ही घरी गेलो.

त्या रविवारी ती वर्गात नव्हती. पुढच्याही नाही. ग्रुपमधून तिचा नंबर निघालेला दिसला. मी ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "घरात काम असतंय. मुलगा म्हणतो, उगाच वेळ जातो तिचा." आणि मी, ज्या बाईला सगळ्या जगाचा संशय येतो ती मी, यावर गप्प बसले.

महिनाभराने एका रविवारी हॉलच्या पायरीवर एक बाई बसलेली दिसली. अजून तीनही वाजले नव्हते. नऊवारी, पायाला रस्त्याची धूळ, मांडीवर पिशवी. मला बघून उठली.

"तुम्हीच का त्या बाई? टीव्हीत शिकवता त्या?"

मी हो म्हटलं. ती त्या मुलीची आई होती. सकाळच्या एसटीने आली होती, बसस्थानकावरून विचारत विचारत.

"रविवारी ती दिसती ना तुमच्या टीव्हीत? मला काय बोलायचं नाय. निस्तं बघायचंय. लांबूनच बघते, कोपऱ्यात बसते मी."

मी म्हटलं, ती महिनाभर येतच नाही. माझा स्वर थोडा तक्रारीचा होता, तेही खरं. बाई परत पायरीवर बसली.

"मग कुठं बघू तिला? फोन जावयाच्या हातात असतोय. आमच्याशी बोलती तवा तो बाजूलाच. छान हाय म्हणती, जेवले म्हणती, झालं. एक डाव तो न्हाणीत गेला तवा बोलली. म्हणली, आई, रविवारी त्या वर्गात काय बी बोललं की सोमवारी घरात भांडण. इथून त्याच्या आईचा फोन जातोय. ट्रामचं सांगितलं, ट्राम बंद. दुकानाचं सांगितलं, दुकान बंद. बाहीर जाताना बाहीरून कुलूप लावतोय तो, बाई. म्हणली, त्या बाईंना कसं सांगू, सासू समोरच बसलेली असती."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. वहीतला माझा तो रकाना मला आठवला. चौदांपैकी अकरा मुलींच्या नावापुढे सासूचं नाव होतं. आमच्या बायकांच्या लेकी बहुतेक इथेच नांदणाऱ्या, परदेशात होते ते मुलगे. मग ओळख देणार कोण? सासूच. ज्या पोरींना मी धीटपणे बोलायला शिकवत होते, त्यांच्यातल्या बहुतेकींची सासू मीच हाताला धरून समोर बसवली होती, आणि वर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. आमच्या मंडळात सून आणि सासू एकत्र बसणं ही अभिमानाची गोष्ट आहे, तक्रारीची नाही. पण मुलींना हे पहिल्या दिवसापासून कळत असणार.

त्या दिवशी नळाला पाणी होतं, ते भरून बायका उशिरा, एकेक करून आल्या. ताई आल्या त्या हातात फुलांची परडी घेऊन. विहिणीला बघून थबकल्या, मग हसून म्हणाल्या, "अगंबाई, विहीणबाई! कळवायचं तरी. घरी यायचं सोडून इथं का?"

"घरी काय करू येऊन? पोरगी तर तिकडं हाय."

मी म्हटलं, "ताई, मुलाला फोन लावा. आत्ता. सुनेशी बोलायचंय म्हणावं."

माझा आवाज शाळेतला झाला होता. ताईंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. मुलगा म्हणाला, "झोपलीय, आई. नंतर करतो." आणि ठेवला. तिकडे तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते.

मुलीची आई म्हणाली, "माझी पोरगी कधी उन्हं येईस्तोवर झोपली नाय."

"मी काय केलं हो?" ताई एकदम रडायला लागल्या. "परका देश, एकटी पोर ट्राममधून फिरायली म्हटल्यावर जीव घाबरणार नाय? आई म्हणून मुलाला सांगितलं, लक्ष ठेव. एवढंच सांगितलं मी. त्याचं त्यानं काय केलं, मला काय ठाऊक?"

मला वाटतं त्या खरं बोलत होत्या, आणि म्हणूनच त्यांच्यावर ओरडताही येईना. ओरडायचं झालं तर त्यांच्या आधी माझा नंबर होता. त्यांनी जे ऐकलं ते मी ऐकवलं होतं. मुलीची आई पिशवी उचलून म्हणाली, शेवटची गाडी चुकंल. मी तिला बसस्थानकावर सोडायला गेले. गाडीत चढताना तिने माझा नंबर मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात मी मंडळात सांगितलं की मुलींचा वर्ग मी घरून घेणार, एकटीने, आणि आत काय बोललं जातं ते कुणाला कळणार नाही. मग जे व्हायचं ते झालं. 'सुना आमच्या आणि आम्हालाच बाहेर?' 'घरं मोडायचं काम आहे का हे देवाचं?' एक तर म्हणाली, "बाईंना स्वतःला सून नाही, त्यांना काय कळणार." मला सून नाही हे खरं आहे. मला मूलच नाही. ते बोलणं मला लागलं, अजून लागतं. चौदातल्या नऊ मुली वर्गातून गेल्या. कुणाला घरचं काम निघालं, कुणाला वेळ जुळेना. उरल्या पाच.

त्या पाचांचा पहिला वर्ग मी विसरणार नाही. प्रार्थना झाली, आणि मी विचारलं, कशा आहात? मग एकीने विचारलं, "बाई, खोलीत खरंच कुणी नाही ना?" मी लॅपटॉप उचलून सगळ्या घरातून फिरवला, स्वयंपाकघर, मोरी, दाराची कडी. तेव्हा कुठे ती बोलायला लागली. त्या दिवशी मी काय काय ऐकलं ते इथे लिहीत नाही, आता तरी माझ्या पोटात राहू दे. एवढंच सांगते की वहीतल्या जुन्या पानांवर यांच्या नावासमोर मी 'उत्तम प्रगती' लिहिलं होतं.

माघ सरत आला होता तेव्हा सिल्लोडहून आईचा फोन आला. "आलीय. पंधरा दिसांसाठी. धाकटीला बघायलेत म्हणून धाडलीय त्यानं. तुम्हाला बोलावलंय तिनं."

मी दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. जाण्याआधी एक काम केलं होतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्याच देशात राहते. तिच्याकडून मी अडचणीतल्या बायकांसाठी तिकडे असलेल्या फोनसेवेचा नंबर मिळवला होता. इंग्रजीत बोललं तरी चालतं, जवळची मदत मिळवून देतात, असं ती म्हणाली होती. तो नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घेतला. हे मला चार महिन्यांपूर्वी सुचायला हवं होतं. सिल्लोडहून पुढे रिक्षा केली. शेतं मोकळी झाली होती, घरापुढे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता.

ती दारात उभी होती. मी तिला फक्त पडद्यावर बघितलेलं, त्यामुळे ती इतकी बुटकी असेल असं वाटलं नव्हतं. बारीक झाली होती. तिने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. आई स्वयंपाकघरात गेली.

मी तिच्यासाठी वाटेत खूप वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं गं. फार चुकलं."

ती म्हणाली, "मी तुम्हालाच लिहिलं होतं, बाई. तोवर आईलाही सांगितलं नव्हतं. वाटलं, शाळेतल्या बाई आहेत, यांच्या पोटात राहील."

ती चिडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, मला माहिती देत असल्यासारखी. मी रडले. तिने माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि मी प्यायची वाट बघत उभी राहिली.

"आता जाऊ नकोस," मी म्हटलं. "माझ्याकडे राहा. दोन खोल्या आहेत. इथे नोकरी लागेल तुला, तू हुशार आहेस."

"पुढच्या सोमवारचं तिकीट आहे. धाकटीचं बघायलेत. मोठी माघारी येऊन बसलीय म्हटल्यावर तिला कोण विचारणार? बाबांना काही सांगितलं नाही आम्ही. सांगितलं तरी ते म्हणतील, नांदायला जा."

"तुला जायचंय का?"

"नाही. पण जाणार आहे."

धाकटी अंगणात शेंगा निवडत होती, तिचा आवाज आत येत होता. मी पर्समधून तो कागद काढला आणि हा नंबर कशाचा ते समजावून सांगितलं. तिने तो नीट वाचला, पण घडी घालून परत माझ्या हातात ठेवला.

"कागद नको, बाई. पर्स बघतात ते. फोन तर रोजच. तुम्ही धरा, मी पाठ करते."

मग आम्ही दोघी पलंगाच्या कडेला बसलो. ती डोळे मिटून आकडे म्हणायची, मी कागदावर बोट ठेवून तपासायची. पहिल्यांदा मधले दोन आकडे उलटे झाले. मी म्हटलं, पुन्हा. तिने पुन्हा म्हटलं. चौथ्या वेळी बरोबर आलं. ती म्हणाली, "आता मध्येच कधीतरी विचारा. बेसावध असताना." आईने चहा आणला. चहा पिताना मी एकदा विचारलं, तिने न अडखळता सांगितलं. आईने कशाचा नंबर म्हणून विचारलं नाही. ती खाली मान घालून बशीतला चहा पीत राहिली.

निघताना ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. तेवढ्यात तिचे वडील शेतातून मोटरसायकलवर आले, मला नमस्कार केला, जेवून जा म्हणाले. मी नको म्हटलं, गाडीची वेळ झाली होती. रिक्षात पाय ठेवला आणि काय झालं कुणास ठाऊक, मला धीर धरवेना. वडील समोर उभे असताना मी म्हटलं, "सांग बरं."

तिने सगळे आकडे एका दमात सांगितले.

"कुणाचा नंबर गं?" वडिलांनी विचारलं.

"बाईंचा."

"मग फोनमधी घालून ठेव की. नायतर इसरशील."

"घातला, बाबा," ती म्हणाली, आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.